प्रवाळासाठी किती द्याल, हे विचारायचं कसं?

सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं पाहायला जाणारा माणूस प्रवेशशुल्क भरतो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ स्थळं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत कास होतं. पुढे गर्दी इतकी वाढली की रोजच्या पर्यटकसंख्येवरही मर्यादा घालावी लागली. आज वन विभागासोबत कास, आटाळी, एकीव अशा गावांच्या समित्या तिथली व्यवस्था पाहतात. शुल्क वाढत गेलं, तरी माणसं येतच राहिली.

म्हणजे निसर्ग राखायला लोक पैसे मोजतात. पण नेमके किती मोजतील, हे पावतीवरून कळत नाही. शंभर रुपये देणाऱ्यांतल्या कुणी तीनशेही दिले असते. शिवाय कासला कधीच न गेलेल्या, तरी ती फुलं टिकावीत असं वाटणाऱ्या माणसाची नोंद कुठेच होत नाही.

प्रवाळाच्या बाबतीत ही अडचण फार मोठी आहे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सांगली-साताऱ्याची कुटुंबं घाट उतरून तिथं जातात, स्नॉर्कलिंग करून प्रवाळ पाहतात. प्रवाळ हा चिमुकल्या प्राण्यांचा समूह. त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की ते शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. होड्यांचे नांगर आणि पर्यटकांचे पाय यांचा मार वेगळाच. तुटलेले तुकडे आधारावर बसवून पुन्हा वाढवता येतात, पण काही जातींची वाढ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. या कामाला वर्षानुवर्षं पैसा लागतो. आणि विजयदुर्गपासून समुद्रात शंभरेक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँक या बुडीत पठारावरच्या प्रवाळापर्यंत तर सामान्य पर्यटक पोचतच नाही. तिथं शुल्क घेणार कुणाकडून?

अशा वेळी अर्थशास्त्रज्ञ थेट लोकांना विचारतात. “किती द्याल?” असं मोकळं विचारलं तर माणूस तोंडाला येईल तो आकडा सांगतो. म्हणून एकाला ५० रुपयांबद्दल, दुसऱ्याला १००, तिसऱ्याला ३०० रुपयांबद्दल विचारतात आणि उत्तर फक्त हो किंवा नाही घेतात. रक्कम वाढते तसे होकार घटतात. ती घट कशी होते, त्यावरून सरासरी तयारी काढता येते.

या पद्धतीची खरी कसोटी अलास्कात लागली. १९८९ मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा तो किनारा कधी न पाहिलेल्या अमेरिकी कुटुंबांनाही हाच प्रश्न विचारला गेला. उत्तरांवरून नुकसानीचा अंदाज निघाला सुमारे २.८ अब्ज डॉलर. त्यावर मोठा वाद झाला. केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेलविजेत्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९३ मध्ये नियम सांगितले: प्रश्न मतदानासारखा हो-नाहीचा असावा, आणि हा पैसा तुमच्याच घरखर्चातून जाईल याची आठवण उत्तराआधी द्यावी.

ही आठवण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खिशाला हात न लावता दिलेला होकार स्वस्त असतो. तितकंच महत्त्वाचं, पैसा कुणाच्या हाती जाणार हे प्रश्नातच सांगणं. नुसतं ‘निधीला द्या’ म्हटलं की लोक हात आखडतात, आणि त्यांचं ते वागणं रास्त आहे. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर १९९२ पासून पाणबुड्या पर्यटकांकडून वर्षाला १० डॉलर घेऊ लागले, तेही सागरी उद्यानाच्या देखभालीसाठी. पाहणीत मात्र त्यांची सरासरी तयारी २० डॉलरच्या वर निघाली होती. मालवणला असं शुल्क घ्यायचं तर ते होडीवाल्यांच्या आणि मच्छीमारांच्या सहभागानेच, आणि हिशेब जेटीवर लावूनच घ्यावं.

सातारा आणि सांगलीच्या महाविद्यालयांतल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न प्रकल्प म्हणून जरूर घ्यावा. कासच्या फाटकाशी विचारावं, आणि सांगलीच्या एसटी स्थानकावर समुद्र न पाहिलेल्या माणसालाही विचारावं.