रेल्वेने भंडारा, मोटारीने जिल्हा

हावडा–मुंबई मार्गावरचे ‘भंडारा रोड’ स्टेशन प्रत्यक्षात वरठीला आहे. तिथून भंडारा शहर दहा-बारा किलोमीटर. म्हणून गाडीचे तिकीट काढतानाच चालकासह मोटार ठरवून ठेवावी.

आधी साकोलीमार्गे नागझिरा गाठा, जंगलाजवळच मुक्काम करा. सफारीचे आरक्षण अगोदर हवे. पावसाळ्यात सफारी बंद असते. मग दक्षिणेला पवनीकडे वळा. १९६९-७० च्या उत्खननात इथल्या जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. बहुतेक जण पवनीजवळचे गोसीखुर्द धरण पाहून परततात. माझ्या मते पवनीला अर्धा दिवस द्यायलाच हवा.

परतताना वरठीचा उलटा फेरा टाळा. पवनीहून भिवापूर-उमरेडमार्गे थेट नागपूर गाठून तिथूनच रेल्वे पकडा. मोटार नागपुरात सोडण्याचे भाडे मात्र सुरुवातीलाच बोलून घ्या.