खोडदची पाटी

नारायणगावहून खोडदकडे वळलं की शेतांच्या वर तारांच्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या दिसू लागतात. एकेक ४५ मीटर व्यासाची, अशा एकूण ३०. काही खोडदच्या आवारात, बाकीच्या तीन दिशांना दूरवर विखुरलेल्या. हीच जीएमआरटी, डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण. आपल्या मंडळातल्या पुणेकरांपैकी काहींनी ती सहलीत पाहिली असेल. मला मात्र लिहायचंय ते आत रॅकमध्ये बसलेल्या सर्किट बोर्डांविषयी.

तबकड्या गेल्या शतकातल्याच आहेत, आतली यंत्रणा मात्र नंतर बदलली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा टिपला जायचा, आता ४०० पर्यंतचा. त्यासाठी एकेका सिग्नलचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. नेहमीचा प्रोसेसर इथे धापा टाकतो. तो म्हणजे पुस्तकातली कृती एकेक ओळ वाचत रांधणारा एकटा आचारी. एफपीजीए नावाची चिप म्हणजे पंगतीतलं वाढप. कुणी मीठ, कुणी कोशिंबीर, कुणी भात घेऊन पुढे सरकतो, सगळे एकाच वेळी, आणि कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. कोणत्या वाढप्याने काय वाढायचं, हे आपण बाहेरून ठरवून देतो. म्हणजे चिप तीच, पण तिच्यातलं सर्किट हवं तसं बदलता येतं.

गंमत अशी, की वीज गेली की हे सगळे वाढपी आपापलं काम साफ विसरतात. पाटी कोरी! दर वेळी नव्याने धडा द्यायचा.

खोडदला वापरलेल्या बोर्डाचं नाव 'रोच'. लांबलचक नावाची आद्याक्षरं आहेत ती, पण सिडनी-वॉलॉंगॉंगच्या स्वयंपाकघरात रात्री दिवा लावणाऱ्या कुणालाही हसू येईल. या बोर्डावर व्हर्टेक्स-५ ही एफपीजीए आणि शेजारी लिनक्स चालवणारा एक छोटा प्रोसेसर असतो. नेटवर्कवरून फाइल यायची, प्रोसेसरने ती चिपमध्ये भरायची. हे काम निर्धास्त. चुकलं तर पुसा, पुन्हा भरा.

धास्ती असते ती फ्लॅश मेमरीची. प्रोसेसरला जागं करणारा सुरुवातीचा प्रोग्रॅम तिथे कोरलेला असतो. तो बदलताना मध्येच वीज गेली, तर बोर्ड जागाच होत नाही. नेटवर्कवरून दुरुस्त करावं म्हटलं, तर नेटवर्क सुरू करणाराच मुळात झोपलेला! मग पेटी उघडून जेटॅगची केबल थेट पिनांना जोडायची आणि हाताने सगळं पुन्हा लिहायचं. म्हणून जाणती माणसं आधी जुनी प्रत वाचून जपून ठेवतात, यूपीएस तपासतात, एकाच बोर्डावर करून बघतात आणि लिहून झाल्यावर परत वाचून अक्षर न् अक्षर ताडतात. वही तपासताना मी इतकी काटेकोर नव्हते!

पण खरी काळजी निराळीच आहे. व्हर्टेक्स-५ साठी धडा तयार करायचा, तर त्या कंपनीचं आयएसई नावाचं सॉफ्टवेअर लागतं. त्याची शेवटची आवृत्ती, १४.७, आली २०१३ साली. पुढे आलेलं व्हिवाडो ही चिप ओळखतच नाही. त्यामुळे चिप ठणठणीत असूनही तिला नवं काही शिकवायचं तर जुनं सॉफ्टवेअर, आणि ते चालेल अशी जुनी ऑपरेटिंग सिस्टीम, सांभाळून ठेवावी लागते. एम.ए.च्या वेळी पाहिलेले मोडीचे रुमाल आठवतात. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारे मोजकेच.

याउलट एक जुनी गोष्ट. १९५३ मध्ये तरुण गोविंद स्वरूप सिडनीला आले होते. तिथल्या पॉट्स हिलवर सूर्याचा वेध घेणाऱ्या ३२ छोट्या तबकड्या होत्या, एकेक सहा फुटांची. आपल्या डॅप्टोलाही त्याच काळात, १९५२ पासून, सूर्याच्या रेडिओ लहरी टिपणारं केंद्र होतं. आज डॅप्टोला राहणाऱ्या किती जणांना ते ठाऊक आहे? पॉट्स हिलच्या तबकड्या ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या आणि १९६५ मध्ये त्यांची दुर्बीण उभी राहिली कल्याणला. तेच आपलं लोकल गाड्यांचं कल्याण! पोलादाला कुणी विचारलं नाही, तुझी आवृत्ती कोणती म्हणून.

आता पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या माळावर एसकेए-लो उभी राहते आहे, १,३१,०७२ अँटेनांची. तिचे सिग्नल हाताळायलाही एफपीजीएच आहेत, आणि या प्रकल्पाच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुण्याच्या एनसीआरएचा मोठा वाटा आहे. अशी दुर्बीण काही दहा वर्षांसाठी बांधत नाहीत. माझ्या मते बोर्ड विकत घेतानाच त्याचं सॉफ्टवेअर, परवाने आणि ते चालवणारा एक संगणक असा सगळा संच कपाटात कुलूपबंद करून ठेवायला हवा. किल्ली कुणाकडे आहे, तेही दारावर लिहून.