शून्यावर न येणारा प्रवाह

चंद्रपूरहून पडघ्याला येणारी सुमारे 750 किलोमीटर लांबीची डीसी वाहिनी 1500 मेगावॉट वीज वाहू शकते. तिच्यावर फॉल्ट, म्हणजे शॉर्ट सर्किटसारखा बिघाड, आलाच, तर टोकाच्या केंद्रांतले थायरिस्टर नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच प्रवाह आवरतात. डीसी बाजूला प्रवाह तोडणाऱ्या ब्रेकरची गरज पडत नाही. दोनच टोकं असली की हे निभावतं. पण टोकं वाढवून जाळं विणायचं म्हटलं, तर एका तारेवरच्या फॉल्टपायी सगळं जाळं बंद ठेवणं परवडणार नाही. म्हणूनच डीसीचं जाळं कुठवर पसरेल हे शेवटी ब्रेकर ठरवणार, असं मला ठामपणे वाटतं.

एसी ब्रेकरचं काम निम्मं निसर्गच करतो. संपर्क विलग झाले की मध्ये विजेचा लोळ पेटतो, पण 50 हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो आणि त्या क्षणी लोळ विझवता येतो. डीसीत असा क्षण येतच नाही. एबीबीनं 2012 मध्ये जाहीर केलेल्या हायब्रिड ब्रेकरनं यावर सुरेख तोड काढली. एरवी प्रवाह एका वेगवान यांत्रिक स्विचमधून आणि त्याला जोडलेल्या मोजक्या ट्रान्झिस्टरांमधून जातो, त्यामुळे वीज जवळजवळ वाया जात नाही. फॉल्ट येताच हे ट्रान्झिस्टर बंद होतात आणि प्रवाह शेजारच्या, ट्रान्झिस्टरांच्या लांबलचक माळेकडे वळतो. आता यांत्रिक स्विचमधून प्रवाह नसल्यानं तो लोळ न पेटता उघडतो. मग माळही बंद होते आणि तारेत साठलेली ऊर्जा झिंक ऑक्साइडचे अरेस्टर उष्णतेच्या रूपात पचवतात. हे सगळं सुमारे 5 मिलिसेकंदांत उरकतं. एसीचं एक आवर्तनच 20 मिलिसेकंदांचं असतं!

एवढं महागडं यंत्र हवंच कशाला, टोकाच्या केंद्रांत एसी-डीसी रूपांतर करणारे आणि फॉल्टचा प्रवाहही रोखू शकणारे फुल ब्रिज कन्व्हर्टर बसवा, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. पण त्या कन्व्हर्टरमध्ये ट्रान्झिस्टर जास्त लागतात, म्हणून वीज रोज, चोवीस तास जास्त वाया जाते. शिवाय ते प्रवाह रोखतात तेव्हा निरोगी तारांवरची वीजही थांबते. चीननं 2020 मध्ये बीजिंगजवळ सुरू केलेल्या झांगबेईच्या चार टोकांच्या, 500 किलोव्होल्टच्या जाळ्यात म्हणूनच ब्रेकर बसवले. तिथं तारा उघड्यावरून जातात. विजा कोसळून येणारे फॉल्ट बहुधा क्षणिक असतात, तेव्हा थोडं थांबून तार पुन्हा चालू करून पाहायची असते. फॉल्ट तसाच असेल, तर ब्रेकरला लगोलग दुसऱ्यांदा प्रवाह तोडावा लागतो, आणि आधीच तापलेल्या अरेस्टरला तो दुसरा भारही झेलावा लागतो.