छोटा दांडा, मोठी तरफ

साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात छोट्या गाडीचा चालक एकसारखा दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा करत असतो. हात लांबवून लांबवून कंटाळलेल्यांना मग ‘शॉर्ट शिफ्टर’, म्हणजे कमी हालचालीत गियर बदलणारा दांडा, सुचतो.

यात जादू नाही, पहारीचं गणित आहे. समजा, गियरचा दांडा टेकूच्या वर २४ सेंटिमीटर आणि खाली ६ आहे. खालचं टोक ३ सेंटिमीटर सरकवायचं, तर मूठ १२ सेंटिमीटर हलते. खालचा भाग ८ सेंटिमीटरचा केला की तेच काम ९ सेंटिमीटरमध्ये होतं. मात्र जोर एक-तृतीयांशाने जास्त लागतो. वरून नुसता दांडा कापला तरी हालचाल घटते, म्हणून तो ‘गरिबाचा शॉर्ट शिफ्टर’!

आपल्याकडे छोट्या गाड्यांसाठी तयार किट सहज मिळत नाही. कुपवाड एमआयडीसीच्या परिसरात लेथवाल्यांची वानवा नाही, पण नमुना नेमका हवा. गाडीत दांड्याला गियरची केबल जोडलेली असेल तर टोकाची खाच एक मिलिमीटर जरी चुकली तरी रिव्हर्स अडकतो.

बसवताना कन्सोल काढायचा, क्लिपा सोडवायच्या, ग्रीस भरायचं, आणि इंजिन बंद ठेवून सगळे गियर पडतात का ते पाहायचं. घाईने गियर कोंबला, तर गिअरबॉक्समधली सिंक्रोनायझरची रिंग झिजते.

पण हा सगळा खटाटोप करण्याआधी दांड्याखालचा बुश तपासावा. बऱ्याचदा दांड्याची ढिलाई तिथेच असते, आणि तो बदलणं फार स्वस्तात होतं.