कापडाच्या गोदामातील उंदीर : आधी ओळखा, मग उपाय करा

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की उंदीर गोदामाकडे वळतो. भिवंडी-मालेगावच्या कोऱ्या कापडाला साईझिंगची खळ असते. ती त्याचे खाणे आणि सूत त्याचे अंथरूण. घडीच्या ताग्याला तो एकाच जागी कुरतडतो, पण तागा उलगडला की दर घडीला भोक! अख्खा तागा मग चिंधीच्या भावाने जातो.

आपल्या व्यापारी बांधवांची रीत अशी की, उंदीर दिसला की विषाची पुडी आणायची. उंदीर कोणता, हे कोणी पाहत नाही. ते लेंड्यांवरून कळते. तांदळाच्या दाण्याएवढी लेंडी लहान घरउंदराची. हा गाठीतच घरटे करतो आणि पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत येतो. अर्ध्या इंचाची, टोकदार लेंडी माळ्यावर किंवा तुळईवर दिसली तर तो मोठा काळा उंदीर. हा छपरातून उतरतो. जोत्याशी उकरलेल्या मातीचा ढीग म्हणजे घूस. चिचुंद्रीला मात्र लोक उगाच मारतात. ती किडे खाते, कापडाच्या वाटेला जात नाही.

मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पिंजऱ्यात तीन-चार रात्री नुसते खाणे ठेवून तो उघडाच राहू द्यावा, मग लावावा. तोही भिंतीला लागून, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो.

गोदामात विष टाकणे आम्हाला पसंत नाही. उंदीर गाठींच्या मध्ये मरतो आणि वास कापडात बसतो. कारखान्यातच जेवणारे-झोपणारे कारागीर असतील तर धोका वेगळाच. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. ओल लागली की त्यातून विषारी वायू सुटतो. ब्रोमॅडिओलोनची वडी मुलाने खाल्ली तर एक-दोन दिवस काहीच दिसत नाही. तरी थांबू नये, वेष्टन घेऊन दवाखाना गाठावा. त्यावर व्हिटॅमिन के देतात.

खरा उपाय बंदोबस्ताचा. शटरखाली पत्र्याची पट्टी, पाईपांभोवती जाळी आणि सिमेंट. गाठी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. उरलेले अन्न रात्री बाहेर.

रात्री दिवे विझवून झोपण्याची ताकीद हदीसमध्ये आहे, ती उंदीर वात ओढून घर पेटवील म्हणून. आज वातीच्या जागी वायर आहे. गोदाम बंद करताना मेन स्विच पाडावा.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले, कापडबाजार ओस पडला. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. विष न घालता उंदीर पटापट मरू लागले तर हात न लावता नगरपालिकेच्या आरोग्य खात्याला त्याच दिवशी कळवावे.