निरोप तारेतून की हवेतून?

[घरातील आणि शेतातील विजेची उपकरणे दुरून चालू किंवा बंद करता येतात. त्यासाठी निरोप कोणत्या वाटेने पाठवावा, याची माहिती या पाठात दिली आहे.]

२०१८ सालची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव आणि पांढरकवडा परिसरातील लोक भीतीने दिवस काढत होते. तेथील एका वाघिणीला तेरा माणसांच्या मृत्यूसाठी जबाबदार धरले जात होते. तरीही शेतात जावेच लागे. पंपासाठी वीज कधी दिवसा येई, तर कधी रात्री. रात्री वीज आली की हातात बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे आणि पंपाचे बटण दाबायचे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ती वाघीण मारली गेली. पण साप आणि रानडुकरे यांचे भय कोणत्याही गावात असतेच.

मुलांनो, एक बटण दाबण्यासाठी जीव धोक्यात का घालावा? घरी बसून पंप चालू करता आला तर किती बरे होईल! घरातील दिवा, पंखा, टाकीची मोटार हीसुद्धा अशीच दुरून चालवता येतात. त्यासाठी यंत्राला निरोप पाठवावा लागतो. निरोपाच्या दोन वाटा आहेत : एक विजेच्या तारेची आणि दुसरी बिनतारी.

आधी तारेची वाट पाहू. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. त्याच तारेत सेकंदाला हजारो हेलकावे घेणारा एक बारीक विद्युत तरंग सोडता येतो. तबल्याच्या ठेक्याबरोबर बासरी वाजली, तरी आपल्या कानाला दोन्ही वेगळे कळतात. तसेच उपकरणही वीज आणि निरोप वेगळे ओळखते. मोठ्या वीज उपकेंद्रांमध्ये अशा रीतीने उच्चदाबाच्या तारांतून निरोप पाठवण्याची पद्धत जुनी आहे. घरांसाठी ही युक्ती १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील एका कंपनीने तयार केली. तिचे नाव ‘एक्स-टेन’.

या वाटेचा मोठा फायदा म्हणजे नवी तार टाकावी लागत नाही. भिंत कितीही जाड असली, तरी तार तिच्या आरपार गेलेलीच असते. पण अडचणीही आहेत. मिक्सर किंवा हलक्या प्रतीचा चार्जर सुरू झाला की तारेत गोंगाट होतो आणि निरोप हरवतो. घरात दोन फेजची वीज असेल, तर एका फेजवरचा निरोप दुसऱ्या फेजवर सहज जात नाही. उलट शेजारचे घर त्याच फेजवर असेल, तर निरोप तिकडे पोहोचून त्यांचा दिवा लागू शकतो!

आता बिनतारी वाट. १८९५ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी रेडिओ लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. आजचे वाय-फाय, ब्लूटूथ आणि मोबाइल याच लहरींवर चालतात. उपकरण कोठेही ठेवा, तारेचे बंधन नाही. मात्र जाड दगडी भिंतीत लहरी क्षीण होतात आणि टिनाच्या पत्र्यावरून परत फिरतात. आजूबाजूला अशी उपकरणे फार झाली, तर त्यांची एकमेकांत गर्दी होते.

मग कोणती वाट चांगली? उत्तर जागेवर अवलंबून आहे. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात तार उपयोगी पडते. विटांच्या लहान घरात बिनतारी सोय स्वस्त आणि सोपी असते.

शेताची गोष्ट मात्र वेगळी आहे. गावाचे रोहित्र वेगळे आणि शेताचे वेगळे. घरगुती उपकरणाचा बारीक तरंग रोहित्र ओलांडून सहसा जात नाही. म्हणून येथे मोबाइलची वाट योग्य ठरते. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचे असे उपकरण तयार केले. त्याला २००९ मध्ये नोकिया कंपनीचा पुरस्कार मिळाला. शेतकरी फोन लावून ठरलेले अंक दाबतो आणि पंप चालू होतो. विहिरीवर वीज आहे की नाही, हेही त्याला घरी कळते. अर्थात, शेतात मोबाइलची रेंज हवी.

निरोप गेला म्हणजे काम झाले, असे समजू नये. पंप खरोखर सुरू झाला का, याचे उत्तर परत आले पाहिजे. तसेच दुरून बंद केलेला पंप दुसरे कोणी दुरूनच चालू करू शकते. म्हणून दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी तेथील मुख्य स्विच स्वतः बंद करावा. रात्रीची पायपीट वाचवणारे यंत्र चांगलेच. पण ते वापरणारा माणूस सावध हवा.

शब्दार्थ
हेलकावा – झोका, मागेपुढे होणे
क्षीण – कमजोर
रोहित्र – विजेचा दाब कमी-जास्त करणारे यंत्र, ट्रान्सफॉर्मर
पायपीट – चालण्याचे कष्ट

स्वाध्याय
१. तारेतून पाठवलेला निरोप कोणत्या कारणांनी हरवतो?
२. शेतातील पंपासाठी मोबाइलची वाट का योग्य ठरते?
३. तुमच्या घरासाठी कोणती वाट निवडाल? कारणे सांगा.