आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

दोस्तांनो, लाकडी पेटीचा जुना रेडिओ कधी पाहिलाय? पुढं कापडाची जाळी, आकड्यांची उजळणारी पट्टी आणि मोठ्ठाली बटणं. बटण फिरवलं तरी स्वारी लगेच बोलत नाही. आतले काचेचे व्हॉल्व्ह आधी तापावे लागतात, मग सावकाश आवाज येतो.

अमेरिकेत असे रेडिओ जपणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. तिथल्या पिट्सबर्ग शहरात केडीकेए हे केंद्र २ नोव्हेंबर १९२० रोजी सुरू झालं आणि पुढं घरोघर रेडिओ पोहोचले. बहुतेक सगळे एएम पद्धतीचे. आपण ज्याला मिडियम वेव्ह म्हणतो ना, तेच. आज मात्र तिथं एएमवर बातम्या, गप्पा आणि खेळांची वर्णनं जास्त. गाणी बहुतेक एफएमवर गेली, आणि या म्हाताऱ्या रेडिओंना एफएम ऐकूच येत नाही! मग दुरुस्त केलेल्या रेडिओवर लावायचं तरी काय?

हौशी मंडळींनी युक्ती केली. घरातच चिमुकलं रेडिओ केंद्र! वहीएवढ्या डबीत मावणाऱ्या या यंत्राला प्रक्षेपक म्हणतात. त्याला मोबाइल जोडायचा, गाणं लावायचं, की शेजारच्या खोलीतला रेडिओ ते पकडतो. ही कल्पना जुनीच आहे बरं का! १९४० च्या सुमारास तिथं असे रेकॉर्ड प्लेअरही मिळत, जे तार न जोडता रेडिओवर रेकॉर्ड ऐकवत. अमेरिकेच्या नियमानुसार अशा प्रक्षेपकाची ताकद जास्तीत जास्त १०० मिलिवॉट आणि तारेची लांबी ३ मीटर. केडीकेएची ताकद ५०,००० वॉट, म्हणजे पाच लाख पट!

पण खरी गंमत पुढंच आहे. एकाच्या घरी गाणं गोड वाजतं, दुसऱ्याच्या घरी तेच गाणं घोगरं. असं का?

एएममध्ये रेडिओची लहर आवाजाला आपल्या पाठीवर बसवून नेते. आवाज चढला की लहरीची उंची वाढते, उतरला की कमी होते. आता आवाज प्रमाणाबाहेर मोठा पाठवला तर? लहरीची उंची शून्यावर येते. शून्याच्या खाली जायला जागाच नाही! तिथं आवाज तुटतो आणि रेडिओत फाटका, खरखरीत ऐकू येतो. उलट फार हळू पाठवला, तर गाण्यापेक्षा खरखरच मोठी. म्हणून प्रक्षेपकाला किती आवाज द्यायचा, हे बेतानंच ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट. मोबाइलमध्ये आवाजाच्या दोन वाटा असतात, डावी आणि उजवी. जुना रेडिओ जाणतो एकच. दोन्ही वाटा नीट एकत्र केल्या नाहीत, तर गाण्यातलं एखादं वाद्य चक्क गायब होतं!

तिसरी गोष्ट म्हणजे गुणगुण, विजेची 'हम्म्म'. ती सगळ्या पट्टीवर येत असेल, तर बहुधा रेडिओतले जुने कपॅसिटर बिघडलेले. फक्त आपलं चिमुकलं केंद्र लावल्यावर येत असेल, तर बहुधा दोष प्रक्षेपकाच्या बाजूला. अशी चोर पकडण्याची सोपी रीत!

म्हणजे आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? प्रक्षेपकानं स्वच्छ आवाज दिलाच नाही, तर बिचाऱ्या रेडिओनं तो आणायचा कुठून?

पण आड भरलेला असला, तरी पोहरा आपल्या मापाएवढंच पाणी काढतो. आपल्या कानांना सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. पखवाजाचा घुमारा खालचा, टाळांची किणकिण वरची. अमेरिकेत एएम केंद्रांमध्ये दर १० किलोहर्ट्झला एक जागा असते. शेजारचं केंद्र घुसू नये म्हणून रेडिओचा दरवाजा अरुंद ठेवलेला असतो. त्यामुळे साधारण ४ ते ५ हजार हर्ट्झच्या वरचे आवाज बाहेरच राहतात. टाळ बोथट वाजतात, माणसाचा गळा मात्र भरदार लागतो. १९३० च्या दशकातल्या काही महागड्या रेडिओंना हा दरवाजा रुंद करण्याचं बटणही होतं.

आता सांभाळून ऐका. अमेरिकेतल्या कित्येक स्वस्त जुन्या रेडिओंमध्ये ट्रान्सफॉर्मर नसे. आतला धातूचा सांगाडा थेट घरातल्या विजेला जोडलेला! हात लावला की झटका. असा रेडिओ जाणकारानंच उघडावा. आणि अमेरिकेतली सवलत आपल्या देशाला लागू नाही, तेव्हा प्रक्षेपक बनवायला जाऊ नका.

एक प्रयोग मात्र जरूर करा. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर लावा. मग तो चालू असलेल्या एलईडी दिव्याजवळ किंवा मोबाइलच्या चार्जरजवळ न्या. खरखर वाढते का? रेडिओ हळूहळू गोल फिरवा. एखाद्या दिशेला आवाज सुधारतो का? आपल्या घरात गाण्याचे शत्रू कुठं कुठं लपलेत, त्यांची यादी करा आणि आई-बाबांनाही दाखवा!